पावसाळ्यात तारा उंच, हिवाळ्यात खडखड : लालबागच्या एका हातघडणीच्या गिटारचं प्रकरण

वाद्य : हातानं घडवलेली, स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार. आकार ओएम (मध्यम अंगाचा), स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी ६४५ मिमी, वय चार वर्षं. टॉप म्हणजे पुढची पाटी सिट्का स्प्रूसची, मागची पाटी आणि कडा शिसवी, नेक महोगनीची, फ्रेटबोर्ड (फ्रेटच्या धातूपट्ट्या बसवलेली, बोटं दाबायची पाटी) आणि ब्रिज (टॉपवर तारा अडकवायची पट्टी) एबनीचे, नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) हाडाचे.

दाखल : ऑगस्टचा दुसरा आठवडा.

तक्रार : पावसाळ्यात तारा इतक्या वर जातात की अर्ध्या तासात बोटं दुखतात. जानेवारीत हीच गिटार हातात घेतली की खर्जाची तार खडखडते. मधल्या वर्षभरात दोन वेगवेगळ्या ठिकाणी दुरुस्ती झाली. दोन्ही वेळा थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

अशी उलटसुलट तक्रार मुंबईत नवी नाही. पहिला संशय घडवणाऱ्यावर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. इथेही गिटार उत्तम घडवलेली होती. गफलत झाली ती दोन प्रश्न कुणीच न विचारल्यामुळे : हा माणूस कुठल्या पट्टीत वाजवतो, आणि मोजमाप कुठल्या महिन्यात घेतलं?

वादकाचा हात

वादक लालबागचा, वय पस्तिशीच्या आत. घरात भजनी मंडळ, त्यामुळे कानावर आधी पेटी आणि टाळ. शाळेच्या वयात गणेशोत्सवातल्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवला, म्हणजे बटणं दाबून वाजवायचा, मिरवणुकीत भोंग्यावर लागतो तो. पुढे एका शाहिरी पथकात तुणतुण्याची साथ केली. गिटार हातात आली ती विशीनंतर. गिरणगावाला हा वारसा नवा नाही : १९४० च्या दशकात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच वस्तीत गाजलं, आणि डफ-तुणतुण्याची साथ इथल्या चाळींना तेव्हापासून पाठ आहे.

ही माहिती गप्पा म्हणून घेतलेली नाही. गिटारवरची प्रत्येक खूण तिच्याशी जुळते.

तुणतुण्यामुळे उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारेवर सतत, एकाच लयीत पडतो. कॉर्ड बदलली तरी तो थांबत नाही. ढोलकी-डफाच्या सवयीमुळे तळहाताची टाच टॉपवर आपटते, खर्जाच्या बाजूला, साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, जरा खाली. तिथलं पॉलिश धूसर झालेलं दिसतं. भजनातली मींड डाव्या हातात उतरली आहे, म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या तारेखाली दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर तार आडवी ओढल्याच्या सपाट खुणा आहेत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पट्टीची. पथकातला मुख्य गायक काळी एकमध्ये गातो. वादकानं त्याला सोयीचं म्हणून सहा तारा सा-प-सा-म-प-सा अशा लावल्या. पाश्चात्त्य लोकसंगीतातले गिटारिस्ट ज्याला डी-ए-डी-जी-ए-डी म्हणतात तेच हे ट्यूनिंग, फक्त अर्धा स्वर खाली. म्हणजे खर्जापासून वर : सी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, जी शार्प, सी शार्प. गायिकेची पट्टी पांढरी चार, तिच्यासाठी चौथ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की काम होतं. संगीताच्या दृष्टीनं ही मांडणी चोख आहे : मोकळ्या तारांवर षड्ज-पंचम आपोआप घुमत राहतात, आणि मोकळी तिसरी तार मध्यम देते.

पण गिटार घडवताना ती नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई साठी, लाइट म्हणजे १२ ते ५३ च्या तारांसाठी घडवली होती (आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). ऑर्डरच्या कागदावर लाकूड, आकार, कडेची नक्षी, फ्रेटबोर्डावरचे ठिपके हे सगळं लिहिलेलं आहे. ट्यूनिंगचा रकानाच नाही.

ताणाचा हिशेब

तार तीच आणि लांबी तीच असेल तर ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तार अर्धा स्वर उतरवली की ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, दीड स्वर उतरवली की २९ टक्के. या ट्यूनिंगमध्ये पहिली, दुसरी आणि सहावी तार दीड स्वर उतरते, मधल्या तीन तारा अर्धा स्वर. १२-५३ च्या सेटचा नेहमीच्या ट्यूनिंगमधला एकूण ताण सुमारे ७४ किलो. तो इथे ६० किलोच्या आसपास येतो. एकट्या खर्जाच्या तारेचा ताण पावणेबारा किलोवरून सव्वाआठवर.

कमी ताणाची तार छेडल्यावर जास्त रुंद हलते. तिच्यावर तुणतुण्याचा अंगठा जोरात पडला की ती फ्रेटवर आपटणारच. म्हणजे हिवाळ्यातल्या खडखडीचा अर्धा दोष हवेचा नव्हताच. तो तारांच्या सेटचा होता.

इथे एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. तंबोरा ऐकलेल्या कानाला थोडी झणझण गोड वाटते आणि वादक म्हणतो, "जरा जवारी आहे, असू दे." जवारी रुंद, किंचित गोलसर घोडीवर तार हलकी घासत राहिल्यानं येते, आणि स्वर वर चढवला तरी सारखीच राहते. फ्रेटची खडखड ठराविक जागीच येते आणि जोर वाढवला की वाढते. इथे मोकळी खर्ज, पहिला, दुसरा आणि तिसरा फ्रेट खडखडत होते. पाचव्याच्या पुढे आवाज साफ. जवारी नव्हे.

ऑगस्टमधली मापं

सगळी मापं वादकाच्याच ट्यूनिंगमध्ये घेतली. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये चढवून मोजली असती तर नेक जास्त वाकली असती आणि आकडे निरुपयोगी ठरले असते.

बाराव्या फ्रेटवर ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची, खर्जाला २.७ मिमी, पहिल्या तारेला २.३. नेकचा रिलीफ, म्हणजे तिचा पुढे झुकलेला बाक, ०.५० मिमी. ब्रिजच्या वर सॅडल फक्त १.६ मिमी. ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी स्टीलपट्टी ठेवून मोजलेला फुगवटा ३.५ मिमी.

या शेवटच्या आकड्याला अर्थ येतो तो मूळ आकड्याशेजारी ठेवल्यावर. टॉप सपाट नसतो. ब्रेस, म्हणजे टॉपला आतून धरणाऱ्या लाकडी पट्ट्या, २८ फूट त्रिज्येच्या बाकावर चिकटवलेले होते, आणि ३८० मिमी रुंदीवर त्या त्रिज्येचा उंचवटा २.१ मिमी येतो. म्हणजे टॉप १.४ मिमी वर आला होता. ब्रिज टॉपसोबत चढतो आणि बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून ॲक्शन निम्म्यानं वाढते : ०.७ मिमी.

का वर आला? लाकूड हवेतलं पाणी घेतं. ५० टक्के आर्द्रतेत लाकडातलं पाणी वजनाच्या सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावतं, ८० टक्क्यांत १६ च्या आसपास. स्प्रूस रेषांना आडवा, पाण्याच्या प्रत्येक टक्क्याला साधारण ०.१५ टक्का फुगतो. ३८० मिमी रुंदीत सहा टक्के पाणी वाढलं तर जवळपास साडेतीन मिमी. कडा टॉपला बाजूला सरकू देत नाहीत आणि आडवे ब्रेस खालून धरून ठेवतात. मग जायला एकच वाट उरते, वर.

तारांच्या ओढीनं कायमचा फुगलेला टॉप वेगळा ओळखू येतो. त्यात ब्रिजच्या मागे पोट येतं आणि ब्रिज ते साउंडहोल भाग खाली बसतो, म्हणजे ब्रिज पुढे कलतो. इथे पुढचा भाग बसला नव्हता आणि मागची पाटीही तशीच फुगली होती. मागच्या पाटीवर तारांचा ताण नसतो, त्यामुळे ती फुगलेली दिसली की कारण हवेत शोधायचं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहिला, शिरला नाही. ब्रिजचा सांधा शाबूत.

आता आधीच्या दोन दुरुस्त्या उलगडतात. पहिली जुलैमधली : ॲक्शन ३.२ झाली म्हणून सॅडल खालून दीड मिमी घासली. त्या दिवशी ॲक्शन छान २.५ झाली. दिवाळीनंतर टॉप खाली आला आणि ॲक्शन १.८ वर पोहोचली, वर सैल खर्ज. खडखड. दुसरी दुरुस्ती जानेवारीतली : खडखड घालवायला ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची कांब) सैल केला आणि नेकला बाक दिला. ट्रस रॉड नेकचा बाक बदलतो, त्यापलीकडे काही नाही. फुगलेला किंवा बसलेला टॉप त्यानं सुधारत नाही. त्यामुळे मधल्या फ्रेटवर तारा उंच झाल्या आणि खालच्या फ्रेटची खडखड अर्धीच गेली. दोन्ही कारागिरांनी समोर दिसलं ते दुरुस्त केलं. ऋतू मात्र कुणी मोजला नाही.

आरशानं आत पाहिल्यावर आणखी एक गोष्ट सापडली : खर्ज बाजूच्या छोट्या आडव्या ब्रेसचं एक टोक ३५ मिमी सुटलेलं. तळहात नेमका त्याच जागी आपटतो. बोटाच्या पेरानं टॉपवर ठोकत गेलं की तिथे आवाज बद्द येतो.

काम

ऑगस्टमध्ये सॅडलला कानस लावायची नाही, हे पहिलं ठरलं. आधी वाद्य कोरड्यावर आणायचं.

तारा दोन-अडीच स्वर उतरवून गिटार ५० टक्के आर्द्रतेच्या बंद खोलीत टांगली. घाई करून सिलिका जेलच्या ढिगात ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि टॉपच्या मधल्या सांध्यावर चीर जाते. किती वाळली हे डोळ्यांना कळत नाही, वजनकाट्याला कळतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. आली तेव्हा वजन १,९६४ ग्रॅम. पहिल्या आठवड्यात भराभर उतरलं, मग रेंगाळत, आणि तीन आठवड्यांनी १,९११ वर थांबलं. चार दिवस आकडा हलला नाही, तेव्हा पुढचं काम सुरू केलं. ५३ ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण साडेतीन मोठे चमचे, या एवढ्याशा लाकडात साठलं होतं. फुगवटा २.३ मिमीवर आला.

सुटलेला ब्रेस आधी घेतला. फीलर गेजच्या ०.०५ मिमीच्या पातीनं फटीत पिवळा लाकडी गोंद ढकलला, साउंडहोलमधून छोटा स्क्रू-जॅक लावून मागच्या पाटीवरून आधार दिला, आणि २४ तास तसंच ठेवलं. जॅक फक्त फट मिटेपर्यंत फिरवायचा. जास्त फिरवला तर टॉपवर बाहेरून उंचवटा दिसतो आणि तो मग जात नाही.

नंतर ट्रस रॉड. पाव फेरा घट्ट करायचा, सूर लावायचा, मोजायचं, रात्रभर सोडायचं. दोन दिवसांत रिलीफ ०.२५ वर आणला. या ताणाला ०.१५ पुरलं नसतं, तार रुंद हलते म्हणून थोडा बाक राखला. ॲक्शन आता १.८.

हवी होती २.६. म्हणजे बाराव्या फ्रेटवर ०.८ वाढवायचे तर सॅडलला दुप्पट, १.६. जुनी सॅडल १.६ वर होती, नवी ३.२ वर बसली. घडवणाऱ्यानं मुळात ३.१ ठेवली होती. दोन दुरुस्त्यांचा प्रवास फिरून तिथेच आला.

तारांचा सेट बदलला. सोपा सल्ला असा मिळतो की मीडियम, १३ ते ५६ लाव. या ट्यूनिंगमध्ये तो सेट ७० किलोच्या आत राहतो, टॉपला धोका नाही. अडचण अशी की एखाद्या कार्यक्रमात वादकानं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये चढवली तर ताण ८५ किलोपर्यंत जातो, आणि हा टॉप त्यासाठी घडवलेला नाही. शिवाय मधल्या तीन तारा मुळात फारशा सैल झालेल्या नाहीत. त्यामुळे मिश्र सेट केला : १३, १७, २४, ३२, ४२, ५६. दीड स्वर उतरणाऱ्या तीनच तारा जाड. वादकाच्या ट्यूनिंगमध्ये एकूण सुमारे ६३ किलो, चुकून नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये चढवली तरी ८० च्या आत. खर्जाचा ताण सव्वानऊ किलोवर आला आणि अंगठ्याला धरायला काहीतरी मिळालं.

जाड तारेसाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात. ५३ ते ५६ म्हणजे जेमतेम ०.०८ मिमी, पण ते केलं नाही तर सूर लावताना तार खाचेत अडकते, टक् असा आवाज करून सुटते आणि सूर उडी मारतो. खाच रुंद करायची, खोल नाही.

फ्रेट मामुली घासून गोल केले. खुणा ०.१५ मिमीच्या आत होत्या. वादकाची मींड पाहता तीन-चार वर्षांत पहिले पाच फ्रेट बदलावे लागतील.

दोन सॅडल

कोरड्या हवेत बसवलेली ३.२ ची सॅडल पुढच्या जुलैत पुन्हा बोटं दुखवणार हे उघड होतं. म्हणून त्याच हाडातून दुसरी सॅडल कापली, २.५ मिमीची. तळाला पेन्सिलनं एकीवर 'पा', दुसरीवर 'हि'. मृग लागला की 'पा', दिवाळीच्या सुमारास 'हि'. सॅडल चिकटवलेली नसते. तारा सैल केल्या की बोटांनी निघते, पकड लागली तर खाचेत काहीतरी चूक आहे. बदलताना तळ तपासायचा : आरपार सपाट नसेल तर एखाद्या तारेचा आवाज बसका येतो, आणि सॅडलखाली पिकअप असेल तर तो फरक स्पीकरवर जास्तच कळतो.

२.५ हा आकडा हवा थोडीफार आवरली जाईल असं धरून काढला आहे. चाळीतल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत यंत्र लावून हवा कोरडी करणं जमत नाही, दार दिवसभर उघडं असतं. आवरायची ती केसमधली हवा. ३० अंश तापमानात घनमीटरभर हवेत फार तर ३० ग्रॅम पाणी मावतं. कठीण केसमध्ये फार तर ०.१ घनमीटर हवा, म्हणजे ८५ वरून ५० टक्क्यांवर आणायला ग्रॅमभर पाणी काढलं की झालं. केस उघडल्यानं फारसं बिघडत नाही. पाणी साठतं ते केसच्या आतल्या मखमलीत आणि गिटारच्या आतल्या, पॉलिश नसलेल्या बाजूत. तेवढ्यासाठी २०० ग्रॅमच्या दोन सुती पिशव्या सिलिका जेल पुरतात, एक हेडस्टॉकखाली (खुंट्यांच्या टोकाखाली), एक नेकच्या टाचेजवळ, लाकडाला न टेकता. नारिंगी दाणे हिरवे पडले की काढून ११० अंशांवर दोनेक तास तापवायचे, रोजच्या भांड्यात नाही.

केसमध्ये आर्द्रतामापक हवाच, कारण ताज्या जेलच्या चार पिशव्या टाकल्या तर आकडा तिशीत जातो आणि मग चीर. स्वस्त मापक पाच-दहा टक्के खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चिखल होईल इतकंच पाणी, मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दाखवायला हवा. ७० दाखवला तर पुढे नेहमी पाच मिळवायचे.

प्रवासात एक काळजी. एसी स्टुडिओतून थंड झालेली गिटार बाहेरच्या दमट हवेत उघडली की तारांवर आणि पॉलिशवर दव धरतं. केस अर्धा तास बंद ठेवायची.

पुढची मापं

जानेवारीत, 'हि' सॅडलवर : ॲक्शन २.५, फुगवटा २.२, रिलीफ ०.२५. खर्ज साफ. जुलैच्या शेवटी, 'पा' सॅडलवर : ॲक्शन २.७, फुगवटा ३.०, केसमधली आर्द्रता ५५ ते ६२. तिसऱ्या फ्रेटवर खर्ज खूप जोरात मारली तर अजून किंचित खडखडते. वादकानं ती तशीच ठेवायला सांगितली, डफाच्या ठेक्यात ती त्याला चालते. चिकटवलेला ब्रेस टिकला आहे, मात्र तळहात अजून तिथेच पडतो, म्हणून त्या जागी बाहेरून पारदर्शक पातळ पट्टी लावली.

त्यानं दुसऱ्या गिटारची ऑर्डर दिली आहे. या वेळी कागदावर पहिली ओळ पट्टीची : काळी एक, सा-प-सा-म-प-सा. त्यावरून स्केल ६६० मिमी, म्हणजे त्याच तारांना सुमारे पावणेपाच टक्के जास्त ताण. खर्ज बाजूचे छोटे आडवे ब्रेस दोन मिमी रुंद, आणि त्यांची टोकं कडेच्या पट्टीत खोचलेली. टॉप ४५ टक्के आर्द्रतेत चिकटवायचा, म्हणून तो सांधा डिसेंबरवर ठेवला आहे. लाकडाची निवड वादकावर सोडली आहे, त्याचं अजून ठरत नाही.